‘माझ्या किती राहिल्या?’ : अमर्याद रजेचं एक नाशिकचं प्रकरण

फोन दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आला. "मॅडम, रजेचं रजिस्टर बंद करायचंय. कायद्यात कसं बसवायचं ते बघा."

मी नाशिकमधल्या लहान-मध्यम आस्थापनांची पगारपत्रकं, पीएफ, ईएसआय आणि रजेचे हिशेब सांभाळते. रजिस्टर नीट ठेवा म्हणून मालकांच्या मागे लागणं हे माझं निम्मं काम. ते बंद करायचंय म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

कंपनी गंगापूर रोडवरची, सॉफ्टवेअरची. माणसं ४६. त्यातले ११ जण सपोर्टला, म्हणजे दुपारी दोन ते रात्री अकरा हेडफोन लावून अमेरिकेतल्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारे. सहा-सात जण अकाउंट्स, एचआर, कार्यालय. बाकी सगळे कोड लिहिणारे आणि तपासणारे. दोन भागीदार, दोघेही नाशिकचेच, एकाच कॉलेजातले. ऑफिसात त्यांना मोठे सर आणि धाकटे सर म्हणतात. मोठे सर विक्री बघतात आणि वर्षातून दोनदा अमेरिकेला जाऊन येतात. धाकटे सर काम वेळेत बाहेर पडतंय का ते बघतात. कंपनीचं नाव इथे देत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून आकडे जरा इकडेतिकडे केलेत.

कल्पना अर्थातच मोठ्या सरांची. त्यांच्या मोठ्या ग्राहकाकडे रजा मोजतच नाहीत. हवी तेवढी घ्या, पगार चालू, काम झालं म्हणजे झालं. नेटफ्लिक्सने दोन दशकांपूर्वी हे सुरू केलं आणि तिथून ते पसरलं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. आपल्याकडे चांगली पोरं दोन वर्षं शिकतात आणि पुण्याला पळतात. जाहिरातीत ‘अनलिमिटेड पेड लीव्ह’ लिहिलं तर चार जण थांबतील, हा त्यांचा हिशेब. हा हिशेब मला चुकीचा वाटला नाही. नाशिकमधून माणूस पुण्याला फक्त पगारासाठी जातो असं नाही. तिकडच्या ऑफिसांची मिजासही त्याला खुणावत असते.

दुसरं कारण त्यांनी जरा उशिरा, चहा संपत आल्यावर सांगितलं. ऑडिटरने ताळेबंदात शिल्लक रजेची तरतूद, म्हणजे त्या रजेपोटी पुढे द्याव्या लागतील अशा पैशांची नोंद, दाखवायला लावली होती. ४६ जणांची मिळून ८७४ दिवसांची रजा साठलेली. सरासरी रोजाचे १,४५० धरले तर १२ लाख ६७ हजार. "रजाच मोजली नाही तर शिल्लक कुठून येणार?" मोठे सर म्हणाले.

त्यावर बाजूच्या टेबलावरून अकाउंट्सवाले काका बोलले. काकांचं वय अठ्ठावन्न, कंपनी सुरू झाल्यापासून तिथेच. "सर, अनलिमिटेड थाळीत मालकाला पैसे कुठून सुटतात? लाजणाऱ्यांकडून."

मोठे सर हसले. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं, पण त्या दिवशी त्याचा पुरता अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता.

कायद्याचं आधी

हे मी झटपट उरकते, कारण इथे वादाला फारशी जागाच नाही.

महाराष्ट्रात अशा ऑफिसला २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो. त्याच्या कलम १८ प्रमाणे कामगाराला वर्षाला आठ किरकोळ रजा. त्या दर तिमाहीला खात्यात पडतात आणि वर्षअखेर वापरल्या नाहीत तर जातात. वर्षात २४० दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. २६० दिवस भरले तर १३. ही साठवता येते, ४५ दिवसांपर्यंत. रजा मागितली आणि मालकाने नाकारली, तर ४५ च्या वरच्या दिवसांचे पैसे मागायचा हक्क आहे. शिवाय आठ भरपगारी सुट्ट्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि वर्ष सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी ठरवलेले चार सण.

ही किमान पातळी आहे. मालकाने याहून जास्त द्यायला कुणाची हरकत नाही. पण ‘आम्ही अमर्याद देतो, म्हणून मोजत नाही’ हे उत्तर चालत नाही, कारण किमान तरी दिली हे मोजल्याशिवाय दाखवणार कसं? आणि साठलेली रजा ही लोकांनी आधीच कमावलेली गोष्ट आहे. नवं धोरण आलं म्हणून ती पुसता येत नाही. प्रसूतीची २६ आठवड्यांची रजा तर वेगळ्याच कायद्यातली, तिला या गाठोड्यात बांधायचंच नाही.

मोठ्या सरांना हे पटायला अमेरिकेचेच दाखले लागले. २०१४ साली ट्रिब्यून पब्लिशिंग या वृत्तपत्रसमूहाने अशीच अमर्याद रजा जाहीर केली. साठलेल्या रजेचं मोल बुडतंय हे कर्मचाऱ्यांच्या लगेच लक्षात आलं आणि इतका गदारोळ झाला की काही दिवसांत कंपनीने धोरण मागे घेतलं. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३ मध्ये असंच धोरण आणलं, पण साठलेल्या रजेचे पैसे देऊन. आणि तेही फक्त अमेरिकेतल्या मासिक पगारदारांना. तासावर पगार घेणारे आणि अमेरिकेबाहेरचे, म्हणजे आपल्या हैदराबादचेही, त्यात नव्हते. कॅलिफोर्नियाच्या एका अपील न्यायालयाने २०२० मध्ये शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीचे कार्यक्रम चालवणाऱ्या एका संस्थेला सुनावलं, की तुमची रजा अमर्याद होती असं तुम्ही आत्ता म्हणताय. तसं लेखी कुठेच नाही आणि त्या माणसांना कधी कुणी सांगितलेलंही नाही, तेव्हा त्यांच्या रजेचे पैसे द्या.

"म्हणजे साडेबारा लाख जात नाहीत," धाकटे सर म्हणाले. त्यांचा सूर ‘मी म्हणत नव्हतो का’ असा होता.

काकांनी एक खिळा आणखी ठोकला. तरतूद दाखवली तरी आयकरात तिची वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय मिळत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातलं ४३बी चं ते पोटकलम सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उचलून धरलंय. त्यामुळे ही रक्कम कागदावर वाढत जाणं कंपनीलाच जड. ती कमी करायचा सरळ रस्ता एकच : लोकांना रजेवर पाठवा. हे सांगणाऱ्या काकांच्या स्वतःच्या खात्यात तेव्हा बरोबर ४५ दिवस होते.

रजिस्टर वाचताना

एका शनिवारी दुपारी एचआर ताईंनी दोन वर्षांची एक्सेल शीट उघडून दिली. सीएल म्हणजे किरकोळ रजा पिवळी, पीएल म्हणजे साठणारी भरपगारी रजा हिरवी, बिनपगारी लाल. हे रंग त्यांनी स्वतः ठरवलेले. मी तीन तास बसले होते.

सगळ्यात आधी डोळ्यांत भरला तो मार्चमधला एक उभा पट्टा, वरपासून खालपर्यंत पिवळा. रंगपंचमी. नाशिकमध्ये रंग धुळवडीला नाही, पंचमीला. जुन्या गावातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, त्या दिवशी उघडतात आणि शहर अर्धं ओलं असतं. कंपनीने ठरवलेल्या चार सणांत मात्र धुळवड होती. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीची यादी कधीतरी जशीच्या तशी उचललेली. म्हणजे धुळवडीला ऑफिस बंद, माणसं घरी बसलेली, आणि चार-पाच दिवसांनी रंगपंचमीला तीच माणसं स्वतःची सीएल जाळतायत. दोन वर्षं हे चाललं होतं आणि कुणी बोललं नव्हतं.

मग कारणांचा रकाना. ‘घरगुती काम’ हे सगळ्यात जास्त. ‘बरं नाही’ सोमवारी जास्त. जानेवारी ते मार्च या महिन्यांत ‘बाग’. हे सात-आठ जणांच्या नावापुढे होतं : दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडची मुलं. द्राक्षाचा व्यापारी दर ठरवून गेला की दोन-तीन दिवसांत माल काढून द्यावा लागतो, आणि तो कुठल्या दोन-तीन दिवसांत, हे आधी कुणालाच माहीत नसतं. एका डिसेंबरात टेस्टिंगमधल्या मुलीने कारण लिहिलं होतं : ‘बागेत शेकोटी’. निफाडला पारा खाली गेला की मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात. घरात तिचे वडील, आई आणि ती. रात्री शेकोटी, सकाळी सीएल. मंजुरीच्या रकान्यात टीम लीडने फक्त एक प्रश्नचिन्ह टाकलं होतं. तो ठाण्याचा.

तिसरी गोष्ट मला शोधावी लागली नाही, बेरजेतच दिसली. ८७४ दिवसांपैकी ३४१ दिवस सपोर्टच्या ११ जणांचे होते, माणशी ३१. बाकी ३५ जणांचे मिळून ५३३, माणशी पंधरा-सव्वापंधरा. सपोर्टला रजा नाकारली जायची असं नाही. नाकारल्याची एकही नोंद नव्हती. रजा मागितलीच जात नव्हती. कारण तिथे एक खुर्ची रिकामी राहिली की तिचे फोन बाजूच्या खुर्चीवर जातात, आणि बाजूच्या खुर्चीवर बसलेली बाई तुमच्याच रिक्षाने घरी जाते.

म्हणजे मोठे सर ज्या दहा-बारा हुशार पोरांना थांबवायला हे आणत होते, ती पोरं आत्ताही हवी तेव्हा रजा घेत होती. ज्यांची रजा साठून पडली होती, त्यांना ‘हवी तेवढी घ्या’ सांगून काय फरक पडणार होता? मर्यादा त्यांना कधी आडवी आलीच नव्हती.

तो प्रश्न

डिसेंबरात सगळ्यांची बैठक झाली. कॅन्टीनच्या जागेत, उभ्यानेच. मोठ्या सरांनी छान मांडलं : विश्वास, मोकळेपणा, आपण सगळे मोठी माणसं आहोत, शाळेसारख्या चिठ्ठ्या कशाला. टाळ्या पडल्या. मग शेकोटीवाल्या मुलीने हात वर केला.

"सर, मग माझ्या किती राहिल्या, ते मला कसं कळणार?"

"अगं, तेच तर. राहिल्या-बिहिल्या काही नाही. संपणारच नाहीत."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही, म्हणजे मला घरी सांगता यायला पाहिजे. आत्ता मी सांगते, नऊ आहेत, त्यातल्या चार बागेला देते. ते आकडा ऐकून घेतात."

हशा झाला. मीही हसले. बैठक संपल्यावर सपोर्टमधल्या दोघी मला जिन्यात भेटल्या. एकीचं लग्न होऊन सहा वर्षं झालेली, सिडकोत राहते. ती म्हणाली, "ताई, हे आमच्यासाठी नको करायला सांगा. आत्ता नणंदेच्या घरी डोहाळजेवण असलं, गावाला जत्रा असली, कुणाला दवाखान्यात सोबत हवी असली, तर मी सांगते की रजा संपली. कंपनीत अनलिमिटेड आहे असं एकदा सासरी कळलं, की प्रत्येक पाहुण्याला मीच." दुसरी म्हणाली, "आणि नाही म्हटलं तर मग मी म्हटलं होणार. आत्ता कंपनी म्हणते."

इतकी वर्षं रजेचे हिशेब करतेय, पण शिल्लक रजेच्या आकड्याचा हा उपयोग माझ्या कधी ध्यानात आला नव्हता. मी तो आकडा कंपनी आणि कामगार यांच्यातला समजत होते. इथे तो कामगार आणि त्याचं घर यांच्यामध्ये उभा होता. वर साहेबाकडे मागायला जाताना ‘माझ्या नऊ आहेत’ म्हणता येतं, घरी नकार देताना ‘माझ्या संपल्या’ म्हणता येतं. आकडा काढून घेतला तर दोन्हीकडे स्वतःच्या तोंडाने बोलायची पाळी येते, आणि ते ज्यांना जमतं त्यांची रजा आधीपासूनच बरी चालली होती. काकांचं थाळीचं वाक्य मला जिन्यात पुन्हा आठवलं.

प्रयोग, आणि माझी चूक

तरीही प्रयोग झाला, आणि तो करा असं मीच सुचवलं. हे लपवण्यात अर्थ नाही. मोठ्या सरांना कुठेतरी हो म्हणायचं होतं, आणि कायद्यात एक वाट होती. हा कायदा व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांवरच्या माणसांना लागू होत नाही. मात्र अशा माणसांची यादी कंपनीला जाहीर लावावी लागते. म्हटलं, टीम लीडना सहा महिने अमर्याद देऊन बघा. जुनी शिल्लक गोठवून ठेवा, कुणाचा एक दिवस जाणार नाही.

यादी लावली तेव्हा सात नावं होती. त्यातला एक मला येऊन म्हणाला, "मॅडम, माझ्या हाताखाली कोण आहे? माउस." पगारवाढ देता येत नव्हती म्हणून कधीतरी त्याला हुद्दा दिलेला, काम दिवसभर कोड लिहिण्याचं. पाटी काय लावली यावर माणूस पर्यवेक्षक ठरत नाही, तो काय करतो यावर ठरतो. त्याचं नाव काढलं. राहिले सहा.

जानेवारी ते जून. अर्ज नाही, मंजुरी नाही, टीमच्या कॅलेंडरवर नाव टाका आणि जा. नोंद हजेरीच्या मशीनवरून आपोआप होत होती, ती मी जूनअखेर काढली. सहा जणांच्या रजा : १६, ५, ४, ३, ३, २. एकूण ३३. आदल्या वर्षी याच सहा महिन्यांत याच सहा जणांच्या : ८, ७, ६, ६, ५, ४. एकूण ३६.

मोठे सर खूश. "बघा, कुणी गैरफायदा घेतला नाही. होतं तेवढंच आहे." बेरजेने ते खरंच होतं.

१६ दिवसवाल्याच्या वडिलांची मुंबईत बायपास झाली होती. फेब्रुवारीत तो बारा दिवस तिकडे होता, उरलेले चार फॉलोअपला. जुन्या पद्धतीत त्याच्या खात्यात बावीस दिवस होते. त्यातून घेतले असते आणि कुणी अक्षरही बोललं नसतं, कारण स्वतःची साठवलेली रजा माणूस वापरतो यात बोलण्यासारखं काय आहे? आता मात्र परत आला तेव्हा त्याचं नाव ‘अनलिमिटेड’ पडलं होतं. चेष्टेतच. वडील कसे आहेत हेही सगळ्यांनी मनापासून विचारलं. पण मार्चमध्ये एक डिलिव्हरी घसरली तेव्हा धाकट्या सरांच्या तोंडून निघून गेलं, "अनलिमिटेड इथे असता तर...", आणि ते सगळ्यांनी ऐकलं.

त्यानंतर बाकीच्या पाच जणांनी हात आखडले. त्यांच्यातली एक जण, जिने सहा महिन्यांत दोन दिवस घेतले, मला म्हणाली, "आधी पीएल टाकली की विषय संपायचा. आता दर वेळी मनात यायचं, ही जरा जास्त होतेय का? आणि जास्त म्हणजे किती, हे कुणीच सांगत नव्हतं." तिचा मुलगा मे महिन्यात पहिल्यांदा आजीकडे एकटा राहिला. ते तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, पण सांगितलं.

माझी चूक अशी, की मी कायद्याची फट नीट शोधली आणि ‘साधारण किती घ्यायच्या’ हे कागदावर लिहायला लावलं नाही. ते लिहिलं असतं तर ते अमर्याद राहिलं नसतं, हे खरं. पण किकस्टार्टरने २०१५ मध्ये अमर्याद रजा बंद करून वर्षाला २५ दिवस ठरवले. त्यांचंही म्हणणं हेच होतं की आकडा नसला की माणसांना किती योग्य ते कळत नाही. हे मला जानेवारीतही माहीत होतं. मी ते मोठ्या सरांना ठासून सांगितलं नाही, कारण गिऱ्हाईक उत्साहात होतं.

जे ठरलं

जुलैत दोन बैठकांत उरकलं. पहिली मोठी झाली, दुसरी मिसळीवर, रविवारी सकाळी. नाशिकमध्ये अवघड गोष्टी तिथेच सुटतात.

‘अमर्याद’ शब्द काढला. सहा जणांची गोठवलेली खाती पुन्हा सुरू केली, आणि १६ दिवसवाल्याचे ते दिवस त्याच्या जुन्या शिल्लकीतून न वळवता माफ केले. हे धाकट्या सरांनी स्वतःहून सुचवलं.

कायद्याची रजा सगळ्यांना होती तशीच. तिच्यावर सहा दिवसांची वेगळी रजा, घरच्या आजारपणासाठी किंवा बागेसारख्या नड असलेल्या कामासाठी. साठणार नाही, पैसे मिळणार नाहीत, पण एकूण शिल्लक रजेचा आकडा पगाराच्या स्लिपवर छापला जाईल. किरकोळ रजेच्या कारणाचा रकाना शीटमधून उडवला. बागवाल्यांसाठी जानेवारी ते मार्च एक साधी सोय : टीममधल्या कुणाची बाग आहे हे डिसेंबरातच लीडला माहीत असेल, त्यांची कामं जोडीने लावली जातील, आणि व्यापाऱ्याचा फोन आला की आदल्या रात्रीचा एक मेसेज पुरेल. ठाण्याच्या लीडला त्या मुलीच्या वडिलांनी फेब्रुवारीत बाग दाखवली होती. तेव्हापासून त्याच्याकडून प्रश्नचिन्ह आलेलं नाही.

सपोर्टला दोन माणसं वाढवली. या सगळ्या प्रकरणात खर्च झाला तो एवढाच, आणि माझ्या मते तिथल्या लोकांना रजा मिळाली ती यामुळे, धोरणामुळे नव्हे.

आणि वर्षातून एकदा प्रत्येकाने सलग पाच कामाचे दिवस बाहेर राहायचंच. लॅपटॉप जमा. यावर काका दुखावले. बँकांमध्ये संवेदनशील जागेवरच्या माणसाला दर वर्षी किमान दहा कामाचे दिवस सलग, आधी न सांगता रजेवर पाठवायचं असतं, तसं रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या परिपत्रकात सांगितलं होतं. गैरव्यवहार उघडे पडतात ते त्या दहा दिवसांत. काकांना ते परिपत्रक माझ्याहून चांगलं माहीत. "म्हणजे माझ्यावर नजर," ते म्हणाले. धाकटे सर त्यांच्याशी अर्धा तास बंद खोलीत बोलले. काय बोलले माहीत नाही. काका सप्टेंबरात गेले पाच दिवस, सप्तशृंगीला आणि तिथून लेकीकडे धुळ्याला. तिसऱ्या दिवशी जीएसटीच्या पासवर्डसाठी त्यांना फोन करावाच लागला, कारण तो दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हता. पासवर्ड आता दोघांकडे असतो. काकांचा आकडा ४५ वरून ४० वर आला आणि त्यांनी मला तो स्वतः दाखवला. रोख घ्या असंही त्यांना सुचवलं होतं. नोकरीत असताना घेतलेल्या पैशावर पूर्ण कर लागतो, निवृत्तीच्या वेळी सूट असते आणि तिची कमाल मर्यादा २०२३ पासून २५ लाख आहे, एवढं सांगून त्यांनी तो विषय मिटवला.

धुळवडीची सुट्टी काढून रंगपंचमीची केली. याला एक पैसा लागला नाही. लोकांना सगळ्यात जास्त आनंद याचा झाला, टाळ्या डिसेंबरच्या भाषणापेक्षा जास्त पडल्या. मोठे सर त्यावर जरा खट्टू झाले.

सिंहस्थाचं अजून बाकी आहे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मुख्य स्नानं येतात. २०१५ मध्ये पर्वणीच्या दिवसांत गाड्या शहराबाहेरच अडवल्या होत्या. तेव्हा ते दिवस घरून काम धरायचे की सुट्टी, आणि पंचवटीत राहणाऱ्यांच्या घरी जे पंधरा पाहुणे उतरणार आहेत त्यांचं काय, यावर एक बैठक ठेवलीय.

पुण्याला जाणारी पोरं थांबली का, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. त्या वर्षात तिघं गेली. आदल्या वर्षी चार गेली होती. यावरून मी काहीच म्हणणार नाही.

आकडा स्लिपवर छापायला ऑगस्टपासून सुरुवात झाली. पहिल्या महिन्याची स्लिप मेलवर गेली त्याच दिवशी जिन्यातली ती सिडकोवाली एचआर ताईंकडे आली. स्लिप तिच्या नवऱ्याच्या मेलवरही जाते, घराच्या कर्जाच्या कागदांसाठी तिनेच तसं लिहून दिलेलं. "शिल्लक एकोणतीस छापलंय," ती म्हणाली. "मी घरी दोन सांगितल्यात."

एचआर ताईंनी मला फोन केला, की एका माणसाच्या स्लिपवरून तो रकाना काढता येईल का. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नाही. मी म्हटलं, बघते.